कर्सर कुठाय?

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात माझी कथा आली. अंक घरी पोचला तेव्हा धाकटी बहीण फराळाला आलेली होती. तिने कथा वाचायला घेतली आणि दुसऱ्या पानावर थांबली. म्हणाली, “अगं ताई, इथं ‘त्यीच्या मानेची शिर आखडली’ असं छापलंय. शिर पहिली आहे. आणि त्यीच्या म्हणजे काय गं?”

काय झालं असणार ते मला लगेच कळलं. ‘शीर’ लिहिताना माझं बोट पहिल्या वेलांटीवर गेलं होतं आणि ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर लावताना आठवलं होतं. संगणक उघडून मी अंकाच्या संकेतस्थळावरच्या लिहायच्या चौकटीत गेले, बाण दाबत ‘शि’पर्यंत कर्सर नेला, बॅकस्पेसने वेलांटी पुसली, दुसरी दिली आणि समाधानाने चहा टाकला. प्रत्यक्षात कर्सर तिथे नव्हताच. तो दोन शब्द अलीकडे, ‘त्या’पाशी उभा होता. तिथला काना पुसला गेला, त्या जागी वेलांटी बसली आणि मूळची चूक जिथल्या तिथे राहिली. मुद्रितशोधकाच्या नजरेतून हे कसं सुटलं ते तोच जाणे. मी नजरेबद्दल बोलू नये.

सहाव्या वर्षी गोवरात माझे डोळे गेले. पुढे एका बँकेत एकोणतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त आहे, पुण्यात राहते आणि लिहिते. ‘दिव्यांग’ हा शब्द मला दुसऱ्याच्या मापाने शिवलेल्या ब्लाउजसारखा वाटतो. अंध म्हणा, चालेल.

अंध माणूस संगणक कसा वापरतो हे आता बऱ्याच लोकांनी ऐकलेलं असतं. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. पण लोकांच्या डोक्यात असतं ते वाचन: बातमी उघडली, ती कानात ऐकू आली, झालं. लिहिणं हे वेगळं प्रकरण आहे. वाचताना एखादा शब्द निसटला तरी पुढच्या वाक्यावरून सावरता येतं. लिहिताना मात्र आपण कुठल्या दोन अक्षरांच्या मध्ये उभे आहोत हे ठाऊक नसेल, तर दाबलेली प्रत्येक कळ म्हणजे अंधारात मारलेला दगड. डोळसांना तो लुकलुकणारा दांडा दिसत असतो, इतका सतत की तो दिसतोय हेही त्यांना जाणवत नाही. मला तो ऐकावा लागतो.

माझं लिहिणं सुरू झालं ते ब्रेलच्या पाटीवर. त्या पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटी टिंबं टोचत जायचं. वाचायचं तर कागद काढून उलटा करायचा. म्हणजे लिहिताना वाचता येत नसे. तरी लिहिलेलं माझं मला तपासता यायचं, आणि नको असलेलं टिंब नखाने दाबून बसवता यायचं. भारती ब्रेलमध्ये पहिली वेलांटी म्हणजे दुसरा आणि चौथा ठिपका, दुसरी वेलांटी म्हणजे तिसरा आणि पाचवा. बोटाला दोन्ही निराळ्या लागतात. माझ्या पिढीतल्या ब्रेल शिकलेल्या मुलांचं शुद्धलेखन बरं असायचं, त्याचं श्रेय याला आहे. नुसतं ऐकून शिकलेल्या आजच्या मुलांना ऱ्हस्व-दीर्घाची बोंब असते, आणि त्यांचा त्यात काही दोष नाही.

दहावीला लेखनिक मिळाली, नियमाप्रमाणे खालच्या वर्गातली. नववीतली मुलगी. मी सांगायचं आणि तिने लिहायचं. निबंध माझा, वेलांट्या तिच्या. त्या पेपरात तिने काय लिहिलं हे मला आजतागायत माहीत नाही. मार्क बरे पडले म्हणून कधी विचारलंही नाही.

संगणक आला तो २००३ मध्ये, बँकेच्या प्रशिक्षणात, ‘जॉज’ या स्क्रीन रीडरसोबत. तो तयार करणारे टेड हेंटर हे अमेरिकेतले मोटारसायकल शर्यतपटू, अपघातात डोळे गेल्यावर प्रोग्रामर झाले. जॉज उत्तम, पण किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर; तो ऑफिसातच राहायचा. घरी मला लिहितं केलं ते एनव्हीडीएने. मायकल करन आणि जेम्स टेह हे ऑस्ट्रेलियातले दोन अंध तरुण, लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात ओळख झालेले. करन यांनी २००६ मध्ये हा प्रोग्राम लिहायला घेतला. फुकट, कुणीही उतरवून घ्यावा असा. सुरुवातीला आम्ही त्यावर हिंदीच्या आवाजात मराठी ऐकायचो. एखादा उत्तर भारतीय साहेब शासकीय परिपत्रक वाचतोय असं वाटायचं. पण जुन्या डीटीपी फाँटातल्या फायलींपेक्षा ते कितीतरी बरं. त्या फाँटात पडद्यावर ‘आई’ दिसत असली तरी फायलीत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असत, आणि स्क्रीन रीडर इमानदारीत तीच वाचायचा. युनिकोड आलं आणि ‘आई’ खरोखर आई झाली.

आता मराठीची गंमत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. एफवर पहिली वेलांटी, तिच्या अगदी डोक्यावर आरवर दुसरी. जीवर पहिला उकार, टीवर दुसरा. चारही कळा डाव्या तर्जनीच्या. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’, माझ्या स्क्रीन रीडरच्या वेगाला कानाला सारखेच लागतात, पण तर्जनीला फरक पक्का ठाऊक असतो. म्हणून शंका आली की मी तपासत बसत नाही. वेलांटी पुसते आणि बोटाच्या भरवशावर पुन्हा देते. हा उपाय शंभर टक्के लागू पडतो, एकाच अटीवर: कर्सर त्या अक्षराला चिकटून उभा असला पाहिजे.

त्यात देवनागरी अक्षर म्हणजे एकाच पिशवीत भरलेल्या अनेक वस्तू. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर दिसतं; संगणकात मात्र ते सहा तुकडे असतात: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. बाणाची कळ दाबल्यावर कर्सर कुठे एका उडीत ‘स्त्री’ ओलांडतो, कुठे तीन उड्या मारतो. बॅकस्पेस सहसा शेवटचा एक तुकडा काढतो, डिलीट मात्र पुढची अख्खी पिशवी उचलतो. साध्या नोटपॅडमध्ये हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. इंग्रजी लिहिणाऱ्या अंध माणसाचा कर्सर एक घर चुकला तर त्याचं एक अक्षर जातं. माझं जोडाक्षर फुटतं, आणि फुटलेलं मला ऐकूही येत नाही.

मग त्या सकाळी माझा कर्सर चुकला कसा? मी बाण दाबत होते तेव्हा एनव्हीडीए काय बोलत होता? खरं सांगायचं तर तो एकच शब्द बोलत होता: “ब्लँक.” रिकामं. मला वाटलं नेटचा काहीतरी गोंधळ आहे. शब्द मोजून, किती वेळा बाण दाबायचा याचा हिशेब करून मी अंदाजाने ‘शि’पर्यंत गेले. मराठी जोडाक्षरांचा हिशेब चुकला.

नंतर बहिणीच्या मुलाला बसवून मी त्या पानाच्या पोटात काय आहे ते वाचून घेतलं. तो संगणकाचंच काम करतो. ते कळल्यावर पटलं की एनव्हीडीए खोटं बोलत नव्हता.

ब्राउझर प्रत्येक पानाची दोन रूपं तयार करतो. एक चित्र, ते डोळसांसाठी. दुसरी वंशावळीसारखी एक यादी: हे शीर्षक, त्याच्या पोटात हा परिच्छेद, हे बटन, त्याचं नाव अमुक, ही लिहायची चौकट, तिच्यात हा मजकूर, कर्सर चौदाव्या अक्षरापाशी. स्क्रीन रीडर चित्राकडे ढुंकूनही पाहत नाही, तो ही यादी वाचतो. एचटीएमएलमधली सर्वांत साधी चौकट, जिला टेक्स्टएरिया म्हणतात, ती १९९५ च्या एचटीएमएल २ मध्ये आहे आणि आजही तिच्याबद्दल ब्राउझरला सगळं ठाऊक असतं. पण तिच्यात ठळक अक्षर देता येत नाही, चित्र टाकता येत नाही. मग इंटरनेट एक्सप्लोररच्या साडेपाचव्या आवृत्तीत, २००० साली, पानाचा कुठलाही तुकडा लिहिण्याजोगा करायची सोय आली. तिचं नाव कंटेंटएडिटेबल. पण ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आपापल्या तऱ्हेने वागायची. एंटर दाबल्यावर एकात नवा परिच्छेद, दुसऱ्यात नुसती तुटलेली ओळ. प्रोग्रामर मंडळी वैतागली आणि त्यांचा वैताग खराच होता.

त्यावर अनेकांनी एक युक्ती काढली, आणि माझा घात तिनेच केला. पानात कुठेतरी एक इवलीशी, न दिसणारी टेक्स्टएरिया लपवून ठेवायची. तुम्ही कळा दाबता त्या तिच्यात पडतात. प्रोग्राम तिथून अक्षर उचलतो, पानावर दुसरीकडे नीटनेटकं मांडतो आणि ती लपलेली चौकट लगेच रिकामी करतो. डोळसाला वाटतं आपण मोठ्या पांढऱ्या कागदावर लिहितोय. स्क्रीन रीडर मात्र त्या लपलेल्या रिकाम्या चौकटीशी उभा असतो. आमच्या टेलिफोन बोर्डाच्या भाषेत सांगायचं तर मला ज्या एक्स्टेन्शनला जोडून दिलं होतं तिथे नुसती खुर्ची होती, साहेब शेजारच्या खोलीत. ब्लँक नाही तर काय ऐकू येणार?

या प्रकाराचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे गूगल डॉक्स. गूगलने २००६ मध्ये ‘रायटली’ नावाचा प्रोग्राम विकत घेतला, त्यातून ते वाढलं. २०१० मध्ये त्यांनी नवा एडिटर आणला. ओळी कुठे तोडायच्या, अक्षर कुठे ठेवायचं हे ब्राउझरवर न सोडता तो स्वतः ठरवायचा, आणि त्यातला लुकलुकणारा कर्सर म्हणजे दोन पिक्सेल रुंदीची, प्रोग्रामने जागच्या जागी आणून ठेवलेली एक पट्टी. डोळ्यांसाठी कर्सर, ब्राउझरच्या लेखी एक पट्टी. २०२१ मध्ये ते आणखी पुढे गेले: मजकूर कॅनव्हासवर रंगवायला लागले. कॅनव्हास म्हणजे अंगणातली रांगोळी. डोळ्यांना मोर दिसतो, हात लावला तर पूड लागते.

असं असूनही मी आज गूगल डॉक्समध्ये लिहू शकते, कारण त्यांनी रांगोळीशेजारी शब्दांची एक वेगळी सोय ठेवली आहे. कंट्रोल, आल्ट आणि झेड एकत्र दाबलं की स्क्रीन रीडरचा आधार चालू होतो, कंट्रोल, आल्ट आणि एच दाबलं की ब्रेलचा. माझ्याकडे ब्रेल डिस्प्ले नाही, पण हे दुसरंही मी चालू ठेवते. नुसत्या पहिल्याने डॉक्स मला मजकूर सांगतं, म्हणजे त्याला वाटेल तेवढा आणि वाटेल तेव्हा. दुसऱ्याने मजकूर एनव्हीडीएच्या हातात येतो आणि माझ्या सवयीच्या कळांनी मला तो चाळता येतो. कुणीतरी वाचून दाखवणं आणि आपण वाचणं यातला फरक ज्याला लेखनिक घ्यावा लागला आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही.

हे आधार मुद्दाम चालू का करावे लागतात, असं बहिणीच्या मुलाने विचारलं. समोरचा माणूस अंध आहे हे पानाला आपोआप कळू नये का? नाही कळत, आणि ते बरं आहे. स्क्रीन रीडर चालू आहे की नाही हे ब्राउझर संकेतस्थळाला सांगत नाही. मी अंध आहे हे मी ठरवीन तेव्हा आणि ठरवीन त्याला सांगेन. भाजीच्या संकेतस्थळाने ते परस्पर नोंदवून ठेवायचं कारण नाही. शिवाय मूळ चौकट सरळ असेल तर हा प्रश्नच येत नाही.

अडचण फक्त माझ्यासारख्यांचीच आहे असंही नाही. माझी एक मैत्रीण शाळेत शिक्षिका आहे, तिला थोडं दिसतं. ती पडदा आठपट मोठा करून काम करते. पडद्याचा एवढासा तुकडाच तिच्यासमोर असतो आणि भिंग कर्सरच्या मागोमाग सरकतं. कर्सर रंगवलेला असला की भिंगाला तो सापडत नाही. ती लिहीत असते उजव्या कोपऱ्यात आणि भिंग बसलेलं असतं डाव्या. संधिवाताने बोटं धरलेले आमच्या सोसायटीतले एक काका बोलून लिहितात. ‘मागचा शब्द निवड’ म्हटलं की नोटपॅडमध्ये तो निवडला जातो, बँकेच्या तक्रारीच्या चौकटीत काहीच होत नाही. काका मग जो शब्द उच्चारतात तो मात्र चौकटीत बरोबर उमटतो.

आणखी एक सापळा टॅब कळेचा. आम्ही माउस वापरत नाही, टॅब दाबत एका वस्तूवरून दुसरीवर जातो. काही एडिटर टॅब दाबल्यावर मजकुरात मोकळी जागा सोडतात. मग आत गेलेला माणूस बाहेर येईल कसा? पाठवायचं बटन चौकटीच्या खाली, आणि तिथे जायची एकमेव वाट बुजलेली. वेबच्या सुलभतेच्या जागतिक नियमावलीत यावर स्पष्ट कलम आहे, २००८ पासून: कळफलकाने आत जाता आलं तर कळफलकानेच बाहेर येता आलं पाहिजे.

नियमांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते. ही जी नियमावली सगळ्यांना माहीत असते, ती मुख्यतः पान वाचणाऱ्या, वापरणाऱ्या माणसाचा विचार करते. वेबचे नियम करणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने लिहिण्याच्या साधनांसाठी वेगळी नियमावली केली आहे, पहिली २००० साली, दुसरी सप्टेंबर २०१५ मध्ये. तिचे दोन भाग आहेत. एक, लिहिण्याचं साधन अंध किंवा अपंग माणसाला स्वतः वापरता यावं. दोन, त्या साधनाने तयार होणारं पान इतरांनाही सुलभ व्हावं, उदाहरणार्थ चित्र टाकताना त्याचं वर्णन लिहायला साधनानेच विचारावं. म्हणजे अंध माणूस वाचकही असतो आणि लेखकही, हे त्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी कागदावर मांडून ठेवलं. मी ज्या ज्या संकेतस्थळवाल्यांशी बोलले त्यांच्यापैकी एकानेही हिचं नाव ऐकलेलं नव्हतं. वाचणाऱ्यांच्या नियमावलीचं सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आम्ही ग्राहक असू शकतो हे लोकांना पटलंय, लेखक असू शकतो हे अजून पटायचंय.

वर्डप्रेसची कथा याच जातीची. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त संकेतस्थळांमागे वर्डप्रेस आहे. ६ डिसेंबर २०१८ ला त्यांनी नवा एडिटर आणला, ज्यात प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र हा एक स्वतंत्र ठोकळा. त्याला नाव दिलं गुटेनबर्ग. तो येण्याच्या दोनेक महिने आधी, ऑक्टोबरमध्ये, वर्डप्रेसच्या सुलभता गटाच्या प्रमुख रियान रीटफेल्ड यांनी राजीनामा दिला होता. नव्या एडिटरची सुलभता हेच त्यामागचं दुखणं होतं. पुढे डब्ल्यूपीकॅम्पस या उच्चशिक्षण क्षेत्रातल्या गटाने त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि मे २०१९ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या बऱ्याच गोष्टी नंतर सुधारल्या. आज मी गुटेनबर्गमध्ये लिहू शकते, पण घर बदलल्यावर जशी पहिले सहा महिने दाराची चौकट डोक्याला लागते तसं लिहिते. ज्याच्या छापखान्याने अक्षर घरोघर नेलं, त्या माणसाचं नाव एडिटरला देताना कुणाच्या मनात काय आलं असेल कोण जाणे.

तक्रारीच तक्रारी सांगत नाही. टायनीएमसीई नावाचा एडिटर अनेक संकेतस्थळांवर बसवलेला असतो. त्यात आल्ट आणि एफ दहा दाबलं की वरच्या बटनांच्या पट्टीत जाता येतं, एस्केप दाबलं की परत मजकुरात. प्रत्येक बटनाला नाव आहे. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण ज्या पट्टीत एनव्हीडीए नुसता “बटन, बटन, बटन” म्हणत राहतो तिथे ठळक करायला गेले आणि सगळं पुसून बसले, असं माझं झालेलं आहे. मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम लिहिण्याचा एडिटर, व्हीएस कोड, अंध प्रोग्रामर रोज वापरतात. त्यात आल्ट आणि एफ एक दाबलं की तो सुलभतेची मदत दाखवतो. कोडमिरर हा दुसरा एक एडिटर पूर्वी लपलेल्या चौकटीची युक्ती करायचा. २०२२ मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली, आणि तिच्यात मजकूर जिथे दिसतो तिथेच खरोखर असतो. म्हणजे हे जमतं. ज्याला करायचं होतं त्याने मोडून पुन्हा बांधलं.

आणि सगळ्यांत सुखाची जागा कुठली म्हणाल तर मराठी विकिपीडियाची जुनी साधी चौकट. १ मे २००३ ला सुरू झालेलं ते संकेतस्थळ. ‘संपादन’ दाबायचं, समोर निव्वळ टेक्स्टएरिया. ठळक करायचं तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन अवतरणचिन्हं द्यायची. ओबडधोबड आहे, डोळस लोक नाकं मुरडतात, त्यांच्यासाठी वेगळा देखणा एडिटर केलेलाही आहे. पण त्या ओबडधोबड चौकटीत माझा कर्सर कधी हरवला नाही. तिथे मी इतरांच्या वेलांट्याही सुधारल्या आहेत.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या डिजिटल ओळख पडताळणीच्या प्रकरणात निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती होत्या, एक अंध वकीलही अर्जदार होते. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून जास्त लोक मोजले गेले. पण एका दिवाळी अंकाच्या चौकटीसाठी मी कोर्टात जाणार आहे का? नाही. मी फोन केला.

संपादकबाई भल्या आहेत. त्यांना फार वाईट वाटलं. “ताई, तुम्ही आम्हाला सरळ वर्डची फाइल पाठवत चला, नाहीतर नोटपॅडमध्ये लिहा, आमच्या ऑफिसातला मुलगा तिथं भरून देईल,” त्या म्हणाल्या. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर मला ती नववीतली मुलगी आठवली. आता ती पन्नाशीला आली असेल.

मी बाईंना दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला आणि एवढंच मागितलं की चौकट बांधणाऱ्या मुलाशी माझं बोलणं करून द्या. दिलं त्यांनी. तो म्हणाला, आम्ही तपासलं होतं, स्क्रीन रीडरवर पान वाचता येतं. मी म्हटलं, वाचू नकोस, लिही. ‘स्त्री’ लिही आणि तिची वेलांटी पहिली करून दाखव, पडदा बंद करून. तो दोन दिवसांनी फोनवर आला, जरा खाली आलेल्या आवाजात. म्हणाला, “मॅडम, माझी ‘स्त्री’ गेली आणि ‘स’ राहिला.” यंदाच्या अंकासाठी त्यांनी चौकटीवर ‘साधा एडिटर’ असं एक बटन दिलं आहे. ते दाबलं की निव्वळ टेक्स्टएरिया येते. बटनाला नाव आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीचं, शाळेचं, पतपेढीचं, मासिकाचं संकेतस्थळ असेल आणि त्यात लोकांनी काही लिहावं अशी चौकट असेल, तर एवढं करून बघा. एनव्हीडीए फुकट आहे, उतरवून घ्यायला दहा मिनिटं लागतात. माउस बाजूला ठेवा, पडदा बंद करा आणि त्या चौकटीत स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता मराठीत लिहा. मग मागे जाऊन आडनावातलं एक अक्षर बदला. पडदा चालू करा आणि काय झालंय ते पाहा. मध्येच आवाज असह्य झाला तर इन्सर्ट आणि क्यू दाबा, मग एंटर. एनव्हीडीए बंद होतो.